माळ्याला झेपेल का?

नको असलेल्या, पण टाकवतही नसलेल्या प्रत्येक वस्तूचा शेवटचा स्टॉप म्हणजे माळा. तो किती वजन घेतो आणि ते नेमकं कुठे ठेवायचं, हे विचारायचं मात्र आपल्याला कधी सुचत नाही. डोंबिवलीच्या एका किचनमध्ये ते विचारायची वेळ आली, त्याची ही गोष्ट...

रविवारी सकाळी पावणेआठला आईचा फोन आला की समजायचं, एक तर कुणीतरी गेलंय, नाहीतर कुणाचं तरी लग्न ठरलंय. त्या रविवारी यातलं काहीच नव्हतं.

"अगं, माळ्याचं दार सरकत नाहीये," आई म्हणाली.

मी अर्धवट झोपेत. "मग तेल घाल ना थोडं."

"घातलं. बाबांनी खालची पट्टी तासूनही बघितली. आणि खालून एक चीर दिसतेय. केसासारखी बारीक आहे, पण गेल्या आठवड्यात नव्हती."

झोप खाडकन उडाली. कारण तो माळा कुठे आहे ते मला माहीत होतं. किचनमध्ये, ओट्याच्या बरोब्बर वर! म्हणजे आई रोज सकाळी दीड तास जिथे उभी असते, त्याच्या डोक्यावर. आणि त्या माळ्यावर काय काय आहे तेही माहीत होतं, कारण ते चढवायला सहा महिन्यांपूर्वी मीच गेले होते.

झालं होतं असं, की आजीची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करून द्यायची तारीख ठरली. चौऱ्याऐंशी वर्षांची आजी डोंबिवलीला आई-बाबांच्या वन बीएचकेमध्ये आली आणि आजीबरोबर अख्खं गिरगाव आलं. पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, पितळी हंडे-कळश्या, आजोबांनी घेतलेलं शिलाई मशीन. त्यात बाबांचे दिवाळी अंक आधीपासून होतेच. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९चा, 'मनोरंजन'चा. नशीब, बाबांचं कलेक्शन तिथपर्यंत मागे जात नाही! पण १९७८पासूनचे अंक आहेत, आणि एकही टाकायचा नाही अशी घटनेत दुरुस्ती असल्यासारखा नियम आहे. एवढं सगळं वन बीएचकेमध्ये ठेवणार कुठे? "माळ्यावर टाका," हे उत्तर आपल्याकडे कुणी विचार करून देतच नाही. ते आपोआप येतं.

आम्ही टाकलं. मीच स्टुलावर उभी होते, बाबा खालून देत होते. घामाघूम झालो, वर बघितलं, सगळं मावलं होतं. आम्ही एकमेकांना टाळी दिली. माळ्याच्या बाबतीत आपली परीक्षा एवढीच असते. मावलं की पास!

पुढचं आधी उतरवा

ठाण्याहून निघताना मी शाळेतल्या मैत्रिणीच्या बाबांना फोन लावला. काका स्ट्रक्चरल इंजिनीअर, आता रिटायर्ड. बिल्डिंगांच्या ड्रॉइंग्जवर आयुष्य गेलेलं. "ओट्याशी कुणी उभं राहू नका, गॅस खालून बंद करा आणि मी येईपर्यंत माळ्याला हात लावू नका," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी पोचले तेव्हा काका आधीच आले होते. येताना कोपऱ्यावरच्या साईटवरून एक लोखंडी टेकू मागून आणला होता, तो त्यांनी माळ्याच्या पुढच्या कडेखाली घट्ट बसवला. मग म्हणाले, "आता उतरवा. पुढचं आधी, मागचं नंतर. आणि तुम्ही नाही हं," हे बाबांना उद्देशून.

मी आणि शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा, दोघं कामाला लागलो. प्रत्येक वस्तूचं वजन करायची आयडिया बाबांची. बाथरूममधला वजनकाटा काढला. आधी रिकाम्या हाताने उभं राहायचं, मग खोका घेऊन, आणि वजाबाकी करायची. (हे घरी जरूर करून बघा. आपलं स्वतःचं वजन सगळ्यांसमोर वाचलं जातं, तेवढं सोडलं तर पद्धत एकदम सही आहे.) आईने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी लिहिली. पाटा-वरवंटा २१ किलो. पितळी भांड्यांचं पोतं ३४. बंब १४. शिलाई मशीनचं नुसतं डोकं १२. जुना डबा टीव्ही, जो 'एखाद्याला देऊ' म्हणून गेली दहा वर्षं वर आहे, तो २४. दिवाळी अंकांचे चार खोके २७, २९, ३१ आणि २८. गाद्या-गोधड्या १८. आणि माझा स्वतःचा एक खोका, मास कम्युनिकेशनची पुस्तकं आणि नोट्स, २२ किलो.

एकूण २६० किलो. ६५ किलोची चार माणसं आईच्या डोक्यावर पाय खाली सोडून बसलेली, असं म्हणा ना!

कागदाचं वजन बघून सगळ्यात जास्त धक्का बसला. खरं तर बसायला नको होता. ऑफिसमधल्या प्रिंटरशेजारी ए-फोर कागदाची रिमं असतात ना, त्यातलं पाचशे पानांचं साधं एक रीम २.३ किलोचं असतं. पाच रिमांचा खोका पावणेबारा किलो. बायंडिंग केलेलं पुस्तक म्हणजे लाकडाच्या ठोकळ्याचाच भाऊ. आणि गुळगुळीत कागदाची मासिकं तर आणखी जड, कारण त्या चकाकीत बारीक पांढरी माती असते. म्हणजे आता तुमच्या हातात आहे तसलं काहीतरी. जपून ठेवणार असाल तर आनंद आहे, फक्त माळ्यावर नको!

२६० पास, तरी नापास

काकांनी टेप काढली. माळा आठ फूट लांब, दोन फूट खोल. म्हणजे साधारण दीड चौरस मीटर. मग सांगितलं, की आपल्याकडे घर डिझाइन करताना खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो सामान-माणसं येतील असं धरतात. भारतीय मानक आयएस ८७५, भाग दोन, १९८७ सालचा, त्यात हा आकडा आहे.

मी लगेच मोबाइलवर गुणाकार केला. दीड गुणिले दोनशे, तीनशे! "काका, आपण तर पास! चाळीस किलो शिल्लक आहेत अजून."

काका हसले. "तो आकडा खोलीच्या जमिनीचा. तुमच्या माळ्याला डिझाइन करणाऱ्याने तेवढा धरला होता की नाही, ते ड्रॉइंग बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. आणि समजा धरला असला, तरी एक प्रश्न उरतो. हे वजन तुम्ही ठेवलं होतं कुठे?"

"माळ्यावर," मी म्हटलं.

"माळ्यावर कुठे?"

मग त्यांनी माझ्या हातात दिवाळी अंकांची एक पिशवी दिली, साधारण चार किलोची. "कोपर अंगाला लावून धर." धरली. काही नाही. "आता हात सरळ पुढे कर." वीस सेकंदांत खांदा बोंबलायला लागला. पिशवी तीच, वजन तेच.

आपल्या फ्लॅटमधला किचनचा किंवा बेडरूमचा माळा बहुतेक वेळा असाच, हात पुढे केल्यासारखा असतो. मागे भिंतीत दाराच्या उंचीवर काँक्रीटची पट्टी असते, ती म्हणजे लिंटेल. तिच्यातून तीनेक इंचाची स्लॅब बाहेर काढलेली असते. पुढच्या कडेला खांब नाही, काही नाही. इंजिनीअर लोक याला कॅन्टिलिव्हर म्हणतात. सगळा ताण येतो तो मुळाशी, जिथे स्लॅब भिंतीला मिळते तिथे. वजन माळाभर सारखं पसरलं तर मुळाशी जेवढा ताण येतो, तेच वजन सगळं पुढच्या कडेला ठेवलं की तो दुप्पट होतो. आणि तेच वजन अगदी भिंतीला टेकवून ठेवलं तर ताण जवळपास नाहीच.

आता आठवा, आपण माळा भरतो कसा. स्टुलावर उभं राहून. गाद्या हलक्या, त्या ढकलल्या की सरळ मागच्या भिंतीपर्यंत जातात. पण तीस किलोचा खोका डोक्यावरून उचलून कडेवर टेकवेपर्यंतच जीव जातो, तो दोन फूट आत ढकलायचं त्राण कुणाला असतं? म्हणून हलकं मागे आणि जड पुढे. आमच्या माळ्यावर अगदी असंच होतं. मागे आजीच्या गोधड्या ऐसपैस पसरलेल्या आणि कडेला ओळीने पाटा, पोतं, टीव्ही आणि चार खोके. मी स्वतः ठेवले होते. टाळीसुद्धा दिली होती!

चीर वर असते

माळा रिकामा झाल्यावर काका शिडीवर चढले. अडीच-तीन पायऱ्यांवर थांबून टॉर्च मारला, बोटाने धूळ पुसली आणि मला वर बोलावलं.

आईला खालून दिसलेली चीर प्लास्टरची होती. त्यांनी नखाने खरवडून दाखवली, आत काँक्रीट धड होतं. पण वरच्या बाजूला, भिंतीपासून दोन बोटांवर, भिंतीला समांतर अशी एक रेघ माळ्याच्या जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. पेन्सिलीने आखावी तशी. माळ्याची पुढची कडही झुकली होती. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हलची नळी लावून बघितली तर जवळजवळ बोटभर फरक. दार सरकत नव्हतं ते त्यामुळेच. लाकूड फुगलं नव्हतं, माळा खाली आला होता.

हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. पुढे काढलेली स्लॅब वाकते तेव्हा तिची वरची बाजू ताणली जाते, म्हणून धोक्याची चीर वर पडते, मुळाशी. आणि ती नेमकी सामानाखाली झाकलेली असते. खाली उभं राहून "काही दिसत नाही, ठीक आहे" म्हणण्याला फारसा अर्थ नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला वगैरे, माळा पूर्ण रिकामा करून ती मागची दोन-चार इंचांची पट्टी टॉर्चने बघायची. पाच मिनिटांचं काम आहे. आणि दार अडकायला लागलं तर सुताराला बोलवायच्या आधी कड सरळ आहे का ते बघायचं.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून आई जरा वेळ गप्पच बसली. अशा स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या वरच्या बाजूला हव्यात, कारण ताण तिथे आहे. पण काँक्रीट ओतताना मजूर त्याच जाळीवरून ये-जा करतात आणि पायाखाली सळी दबून खाली जाते. ड्रॉइंगमध्ये वर, प्रत्यक्षात मधे किंवा तळाला. बाहेरून कधीच कळत नाही. त्यात पावसाळ्यात मुरलेलं पाणी, वरच्यांच्या मोरीतली गळती. सळी गंजली की फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडून काढते. पोपडे पडतात, तांबूस डाग येतात, मग सळ्या दिसायला लागतात. आमची बिल्डिंग १९८८ची. तीस वर्षांवरच्या इमारतींचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये म्हटलंय (पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींचं दर पाच वर्षांनी). तुमच्या सोसायटीचा रिपोर्ट तुम्ही कधी मागितलाय? मी पण नव्हता मागितला.

पोटमाळ्याची सवय

"चाळीत याच्या तिप्पट सामान होतं वर," आजी एवढा वेळ बाहेरच्या खोलीतून ऐकत होती. "वर चार पोरं झोपायची. काही पडलं नाही कधी."

आजीचं बरोबर होतं! गिरगावातला तो पोटमाळा मला आठवतो. खोलीची उंची मुळातच एवढी की मधे लाकडी माळा काढायचा, शिडी लावायची आणि वर एक अख्खी दुसरी खोली. बाबांनी आणि काकांनी (सख्ख्या, इंजिनीअर नव्हे) दहावीचा अभ्यास तिथेच केला. पण त्या माळ्याचे वासे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेले, दोन्ही टोकांना टेकलेले. वर चढून, वाकून का होईना, आतपर्यंत जाता यायचं, त्यामुळे जड पेटी थेट भिंतीशी नेता यायची. फ्लॅटमधल्या माळ्याला आपण नाव तेच दिलं, भरवसाही तेवढाच ठेवला. वस्तू मात्र वेगळी आहे. एक पूल आहे, दुसरा पुढे केलेला हात.

तुम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल (आपल्यातले निम्मे राहतात), तर तुमच्याकडे बहुधा आणखी तिसरंच काहीतरी असेल. वॉर्डरोबच्या वरचा 'लॉफ्ट' म्हणजे प्लायवुडचा खोका. तो कपाटाच्या उभ्या फळ्यांवर आणि भिंतीत मारलेल्या काही स्क्रूंवर उभा असतो. त्यात उशा ठेवा, ब्लँकेटं ठेवा, रिकाम्या ट्रॉली बॅगा ठेवा. बॅग रिकामी हवी, हे महत्त्वाचं. कारण आपण 'बॅग वर टाक' म्हणतो तेव्हा तिच्यात कॉलेजची सगळी पुस्तकं असतात. किचनमध्ये कडप्प्याचा माळा असेल तर जास्तच जपा. कडप्पा दिसतो दणकट, पण आत लोखंड नाही. काँक्रीट निदान चिरून, झुकून आधी सांगतं तरी. कडप्पा काही न सांगता तुटतो. आणि पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर सामान ठेवणारे महाभाग मी बघितलेत. ते छत फक्त स्वतःचं आणि दिव्यांचं वजन पेलायला टांगलेलं असतं. तिथे पिशवीसुद्धा नको.

अजून एक. सध्या सगळ्यांना ओपन किचन हवं असतं. माळा भिंतीला चिकटवलेला नसतो, भिंतीने त्याला वरून दाबून धरलेलं असतं. ती भिंत पाडताना किंवा तिच्यात मोठी खिडकी काढताना इंटिरिअरवाला "काही होत नाही मॅडम" म्हणेल. त्याला म्हणावं, इंजिनीअरकडून लिहून आण.

बाथरूमवरची टाकी

आमच्याकडे बाथरूमवरही माळा आहे आणि त्यावर प्लास्टिकची काळी टाकी. डोंबिवलीत पाण्याची टाइमिंगं सांभाळत संसार केलेल्या कुठल्याही घरात ही टाकी असतेच. लिटरचा किलो होतो, हे आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो, टाकीचं वेगळं. आणि हे वजन रोज चढतं आणि रोज उतरतं.

मला वाटलं काका ही काढायलाच लावणार. पण त्यांनी बघून ठेवली. कारण बाथरूमचा माळा छोटा होता आणि चारही बाजूंनी भिंतींवर टेकलेला. तो पूल आहे, हात नाही. फक्त टाकीखालच्या विटा काढायला लावल्या. चार विटांवर टाकी म्हणजे सगळं वजन चार ठिपक्यांवर. त्याऐवजी पूर्ण तळाला आधार देणारी जाड फळी घातली. टाकीशेजारी इन्व्हर्टरची बॅटरी चढवायचा बाबांचा प्लॅन होता, तो मात्र तिथल्या तिथे रद्द झाला. एक तर ती पन्नास-साठ किलोची, दुसरं म्हणजे आत अ‍ॅसिड, आणि तिला हवा खेळती लागते. जादा गॅस सिलिंडर, रंगाचे डबे, थिनर यांनाही हाच नियम. भरलेला घरगुती सिलिंडर तीसेक किलोचा असतो, आणि तो जमिनीवर उभाच शोभतो.

चढणार कोण?

हा सगळा हिशेब चालू असताना मला एक गोष्ट खटकली. आईने फोनवर सांगितलं होतं, 'बाबांनी पट्टी तासून बघितली.' सात फुटांवरची पट्टी. कशावर उभं राहून?

आईने डोळ्यांनीच कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची दाखवली. तिच्यावर ठेवायचा पाट शेजारीच होता.

"अगं, दोन मिनिटांचं काम होतं," बाबा म्हणाले. मग आणखी बाहेर आलं. मधल्या काळात एकदा १९८४चा कुठलासा अंक हवा होता म्हणून त्यांनी रात्री एकट्याने ३१ किलोचा खोका खाली उतरवला होता आणि परत वर ठेवला होता. चार दिवस कंबर धरून बसले होते, आम्हाला सांगितलं 'ट्रेनमध्ये धक्का लागला'. बाबा ६१ वर्षांचे आहेत.

मला राग आला. आणि मग आठवलं, तो खोका तिथे ठेवला कुणी? मी. वर ठेवताना मी होते, उतरवताना मी ठाण्यात असणार हे मला तेव्हाही माहीत होतं. माळ्यावर वस्तू ठेवतं एक माणूस, आणि ती काढायची वेळ येते तेव्हा घरात भलतंच माणूस असतं. बहुतेक वेळा वयाने मोठं, आणि मुलांना कशाला त्रास म्हणून गप्प बसणारं.

विमान प्रवासाचं उदाहरण आपल्याला पटकन कळतं. एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर बहुतेक एअरलाइन्स ती घेतच नाहीत, कितीही पैसे भरा. कारण ती उचलणाऱ्या लोडरची पाठ. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या 'नायॉश' या सरकारी संस्थेच्या सूत्रात तर सुरुवातच २३ किलोपासून होते. तेही वस्तू कमरेच्या उंचीवर आणि अंगाजवळ असेल तेव्हा. जितकी वर, जितकी लांब, तितका आकडा कमी. आणि आपण ३१ किलो डोक्याच्या वरून काढतो, खुर्चीवरच्या पाटावर उभं राहून! हातातून सुटलं तर सात फुटांवरून जमिनीवर येईपर्यंत ते ताशी २३ किलोमीटरच्या वेगाला पोचतं. मधे पाय असतो, किंवा डोकं.

त्याच दिवशी संध्याकाळी स्टेशनजवळून अ‍ॅल्युमिनियमची घोडा शिडी आणली. दोन्ही पाय पूर्ण उघडून लॉक करायचे, सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही, खाली एकाने धरायची. आणि घरात ठराव पास केला, की माळ्यावर जे जाईल ते एका माणसाला एका हाताने काढता आलं पाहिजे. दोन हात लागत असतील तर जागा चुकली.

आणि मग सामान कुठे?

खरी भांडणं इथे झाली. स्ट्रक्चर वगैरे सगळं सोपं असतं हो.

माळ्याची चीर काकांनी माहितीतल्या माणसाकडून इपॉक्सी भरून घेतली आणि खालून भक्कम लोखंडी ब्रॅकेट मारून घेतले. तरी त्यांचं सांगणं स्पष्ट होतं. वर गाद्या, गणपतीचं मखर, रिकाम्या बॅगा, बस्स. म्हणजे जवळजवळ अडीचशे किलोंना जमिनीवर जागा शोधायची.

टीव्ही गेला, ई-कचरा घेणाऱ्यांकडे. त्याच्यासाठी कुणी रडलं नाही. शिलाई मशीन मावशीकडे गेलं, ती अजून शिवते. पितळी भांड्यांवर आई म्हणाली मोडीत काढू, आजी काही बोलली नाही, आणि आजी काही बोलत नाही तेव्हा आईलाच वाईट वाटतं. शेवटी दोन हंडे आणि परात राहिली, दिवाणाच्या खणात. बाकीची आजीने स्वतः नातेवाइकांना फोन करून वाटली, कुणाला काय द्यायचं ते तिचं आधीच ठरलेलं होतं. बंब आता बाहेरच्या खोलीत उभा आहे, चिंचेने घासून लख्ख केलेला, आणि आलेले सगळे 'अय्या, कित्ती छान' म्हणतात. सहा महिने तो पोत्यात होता!

दिवाळी अंकांवर दोन रविवार गेले. बाबा एकेक उघडायचे आणि वाचत बसायचे. आम्ही चार मोठ्या खोक्यांचे बारा छोटे केले, प्रत्येकी दहा किलोच्या आत. खोका छोटा असला की कुणी त्याच्यात जास्त कोंबू शकत नाही, एवढा साधा फंडा. प्रत्येकावर मार्करने आत काय, वजन किती आणि तारीख. ते आता दिवाणाखाली आणि भिंतीलगत आहेत, भिंतीपासून दोन इंच सोडून, खाली फळ्या घालून. ओल आणि वाळवी जमिनीवरूनच येते. कसर लागू नये म्हणून डांबर गोळ्या. एक खोका बाबांनी स्वतःहून वाचनालयात नेऊन दिला, आणि येताना तिथून दोन अंक वाचायला घेऊन आले.

पाटा-वरवंटा ड्राय बाल्कनीत गेला, सिंकशेजारी जमिनीवर. नुसती जागा म्हणून. दोन दिवसांनी आईने फोनवर सांगितलं, आजी सकाळी तिथे बसून लसूण-खोबऱ्याची चटणी वाटत होती. कुणी सांगितलं नव्हतं. मिक्सरला ती चव नाही, असं आजी सहा महिने म्हणत होती. आम्ही ते तक्रार म्हणून ऐकत होतो आणि पाटा तिच्या डोक्याच्या वर, सात फुटांवर होता.

गेल्या शनिवारी बाबांचा मेसेज आला. 'माळा ओके. दार सरकते. एक खोका शिल्लक. वजन २२. तुझा आहे. कधी नेतेस?'

माझ्या ठाण्याच्या रूममध्ये माळा आहे. प्लायवुडचा, वॉर्डरोबच्या वर. दाराच्या उजव्या बाजूला, चपलांच्या रॅकशेजारी, मी आत्ता टेपने जागा मोजतेय.